पागेतली दुपारची झोप

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी वाचते ते भाजी निवडता निवडता, आणि बऱ्याचदा हसत. एकाही भुताला दिवसा म्हणून सवड नसते, सगळ्यांना रात्री बाराचाच मुहूर्त लागतो, याची मला फार गंमत वाटते. आमच्या घरात तर हा विषयच नव्हता. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत जात होते. घरातले देवांचे टाक, अंगारे, गंडेदोरे, सगळं त्यांनी एका गोणपाटात बांधलं आणि नदीत सोडून आले. देवच नाही तर भूत कुठून येणार... इतका सरळ मामला होता तो. सासरही तसंच मिळालं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. मुलगा म्हणतो, आई, कशाला लिहितेस, लोक वाट्टेल त्या कमेंट करतात. करू देत. पंचाहत्तरी उलटली माझी, आता कोणाला भ्यायचं?

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही तेव्हा तळेगाव दाभाड्यात राहत होतो, एका जुन्या पागेत. पागा म्हणजे सरदारांचे घोडे बांधायची जागा. सरदार कधीच गेले होते, घोडे त्यांच्याही आधी. राहिली होती ती लांबलचक दगडी इमारत आणि तिच्यापुढचं फरसबंदी अंगण. घोडे बांधायचे जे खण होते, त्यांच्यामध्ये विटांच्या भिंती घालून मालकाने एकेका खणाची एकेक खोली केली होती. जमीन मोरीकडे उतरती, कारण घोड्याचं मूत वाहून जायला हवं. आम्ही खाटेच्या दोन पायांखाली विटा दिल्या होत्या. मागच्या भिंतीला दगडी गव्हाण होती, तिच्यात मी पिठाचे आणि डाळीचे डबे ओळीने मांडले होते. भिंतीत लोखंडी कड्या होत्या, त्यातल्या एकीला लेकाच्या झोळीची दोरी बांधली होती. अंगणात घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिथे आम्ही बायका धुणं धुवायचो.

गावात दुसऱ्या खोल्या नव्हत्या असं नाही. पण आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी आत्ताच कोणाला तरी दिलेली असायची. पागेत कोणी आडनाव विचारलं नाही. घोड्याच्या जागी राहायला आपणहून फारसं कोणी येत नव्हतं, म्हणून असेल. आम्हाला काय, डोक्यावर कौलं होती, स्टेशन चालत जाण्याजोगं होतं, आम्ही खूश होतो.

आमचे हे, रघुनाथ त्यांचं नाव, पिंपरीला एका कंपनीत प्रेसशॉपमध्ये होते. मूळचे नगरकडचे. किडकिडीत माणूस, भांग पाडायला आरशासमोर माझ्यापेक्षा जास्त वेळ लागायचा त्यांना. थट्टेखोर तर इतके की जेवायला वाढायला उशीर झाला तर गव्हाणीपाशी उभे राहून खिंकाळायचे. "सुमन, घोड्याला हरभरे टाक गं..." मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडाला पदर लावून हसायच्या. आत्याबाई, हे, मी आणि झोळीतला लेक, एवढंच आमचं घर.

प्रेसशॉपचं काम मी कधी पाहिलं नाही, पण त्यांनी मला ते पाटावर वाटी आपटून दाखवलं होतं. खाली पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पायडल दाबायचं, की वरचा जड डाय, म्हणजे लोखंडी साचा, धाडकन खाली येतो. परत पत्रा, परत हात, परत पायडल. आठ तास तेच. हात काढायला जरा उशीर झाला की झालं. शेजारच्या मशीनवरच्या एकाची दोन बोटं अशीच गेली होती. दुसरं काही नाही, डुलकी लागली होती त्याला. म्हणून थर्ड शिफ्टचा आठवडा आला की माझं एकच काम असायचं — यांची दुपारची झोप राखणं. रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळच्या लोकलने हे यायचे, दोन घास खायचे आणि झोपायचे. मी लेकाला घेऊन बाहेर बसायची, आत्याबाई कावळे हाकलायच्या, शेजारच्या खणातल्या मथुरामावशी आपला खलबत्तासुद्धा उचलून लांब नेऊन कुटायच्या. ती झोप नीट झाली की यांचे हात शाबूत राहणार, एवढं सगळ्यांना कळत होतं.

पहिलं वर्ष काही झालं नाही. मग एका थर्डच्या आठवड्यात, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना, मी डोणीपाशी लेकाचे लंगोट धूत होते आणि हे खोलीतून बाहेर आले. मला वाटलं लघवीला उठले असतील. पण ते अंगणाच्या कडेकडेने चालायला लागले. अनवाणी. फरशी अशी तापलेली की मी चप्पल घालूनही पाय उचलत होते. डोळे अर्धवट उघडे, हनुवटी जरा वर उचललेली, मान थोडी पुढे. अंगणाच्या कोपऱ्यावर गेले, क्षणभर थांबले, वळले, पुढे निघाले. एक फेरा झाला, दुसरा झाला. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललंय? व्यायाम का?" जवळ गेले तर घामाने निथळत होते, आणि चांगले गाढ झोपेत होते.

झोपेत चालणारी माणसं असतात हे मला माहीत होतं. मी हात धरला त्यांचा आणि खोलीकडे ओढलं. या माणसाला पाण्याची भरलेली कळशी उचलताना धाप लागायची, पण त्याने मला फरफटत नेलं. मग मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे त्यांच्या डाव्या अंगाने पुढे जायला बघितलं. जाता आलं नाही. आता हे कसं सांगू... तिथे जागाच नव्हती. गर्दीत एखाद्या माणसाच्या आणि भिंतीच्या मधून जायला बघावं आणि जाता येऊ नये, तसं. आणि तिथे वास होता. भिजवलेल्या हरभऱ्याचा, घामाचा, जुन्या चामड्याचा. आणि एक आवाज — जिभेने टाळूवर करतात तसा, हळू, समजुतीचा. चक् चक्. चक् चक्.

मी मागे सरले. मथुरामावशी त्यांच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं होतं. त्यांना आवाज आला होता. माझ्या लेकालाही आला असावा, कारण तो आतल्या झोळीतून डोकं काढून, उघड्या दारातून बापाच्या डाव्या बाजूला बघून खिदळत होता.

खूप वेळाने हे थांबले, आपल्या पायांनी आत गेले आणि खाटेवर कोसळले. उठले तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं. म्हणाले, "अंग का आंबलंय गं एवढं?" बनियन काढलं तर पाठीवर गवताच्या काड्यांचा चुरा. आमच्या खोलीत गवताची काडी नव्हती. पाठ कोरडी ठणठणीत होती, आणि नुसती लाल झाली होती, कोणीतरी मूठभर गवत घेऊन खसाखसा पुसल्यासारखी.

त्या आठवड्यात आणखी एकदा झालं. पुढच्या थर्डला जास्त. काही दुपारी हे सरळ झोपायचे, काही दुपारी हा प्रकार. कधी होईल ते आधी कळायचं नाही. पुढेपुढे त्यांना थोडं थोडं आठवायलाही लागलं. एकदा मी चहा देत होते, बशीत ओतून फुंकर मारत म्हणाले, "कोणीतरी उठवतं गं मला. हनुवटीखाली हात घालतं आणि म्हणतं, चल राजा... चल माझ्या राजा, बसायचं नाही."

"कोण?"

"दिसत नाही. पण माणूस वाईट नाही तो, खरं सांगू? आवाजावरून म्हणतो. झोपू देत नाही एवढंच."

"झोपू देत नाही एवढंच काय! मशीनवर डोळा लागला म्हणजे?"

यावर ते हाताची बोटं उघडमीट करून बघत बसले. मला तेव्हा इतका राग आला त्या न दिसणाऱ्या माणसाचा, की समोर असता तर मी लाटणंच घातलं असतं त्याच्या डोक्यात.

मथुरामावशींनी आपल्या परीने सांगून बघितलं. "आगं, हितं कुनीतरी मोतद्दार मेला आसंल पूर्वी. घोड्यापायी जीव दिलेली मानसं असत्यात. येक नारळ आन् दहीभात उतरून टाक, न्हाईतर मी टाकते तुज्या नावानं." मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस. मी हो-नाही करत होते. खरं सांगायचं तर मी तयार झाले होते. पण यांनी ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "मावशी, तुमचा जीव आहे आमच्यावर, कळतं मला. पण आम्ही ते सोडलं. भिऊन परत धरलं तर माझ्या बापाला काय तोंड दाखवू?" बाप जाऊन वर्षं झाली होती. आत्याबाई एरवी मुलाच्या शब्दाबाहेर नव्हत्या, त्या तोंड फिरवून बसल्या. इतर लोकांना निदान नवस बोलता येतो, कुठे तरी डोकं टेकता येतं. आम्ही वंदना म्हणायचो आणि परत यांच्या खाटेशेजारी येऊन बसायचो. आमच्यासाठी दुसरा रस्ताच नव्हता. कंपनीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळी घेऊन हे चालायचे ते आणखी अडखळत, एवढाच फरक पडला.

मग आत्याबाईंनी एक उपाय काढला. खेड्यातल्या बाईला सुचेल तोच. एके दुपारी यांना झोप लागल्यावर त्यांनी मऊ सुती लुगड्याची दोरी वळली, एक टोक यांच्या घोट्याला बांधलं आणि दुसरं भिंतीतल्या कडीला. "आता बघते कसा जातोय," म्हणाल्या. त्या दिवशी हे चालले नाहीत. खाटेवरून उठले आणि तिथेच उभे राहिले. दुपारभर. मान खाली घालून, गव्हाणीकडे तोंड करून, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत. घामाचे थेंब जमिनीवर पडून उताराने मोरीकडे जात होते. मी खांदे दाबून बसवायला बघितलं तर गुडघे वाकेनात. आत्याबाई हाका मारत होत्या, "रघ्या, बाबा, बस रं, बस की..." घोट्याला दोरी काचून रक्त आलं तेव्हा त्यांनीच रडत रडत ती सोडली. सोडल्याबरोबर हे बाहेर पडले आणि चालू लागले, आणि मला शपथेवर सांगता येईल, तो चक् चक् आवाज त्या वेळी घाईचा होता. उशीर झाल्यासारखा.

त्या दिवसांत यांच्या तक्रारी तरी किती होत्या... पाय दुखतात, डोकं जड आहे, पोट डब्ब झालंय. आमच्याकडे ओव्याची आणि खाण्याच्या सोड्याची बाटली कायम गव्हाणीत हाताशी असायची. पण थर्ड करणारा कोणता माणूस ओवा खात नाही? कॅन्टीनचं तिखट, रात्रीचं जागरण, सगळ्या प्रेसशॉपला गॅसेस होते. त्याकडे कोण बघणार? माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटांकडे. सकाळी दारात आले की मी आधी हात बघायची, मग तोंड.

शेवटी शेजारच्या मशीनवरच्या एकाने पिंपरीत स्टेशनजवळच्या एका चाळीत खोली बघून दिली. पत्र्याची, माझ्या गव्हाणीतून बाहेर काढलेल्या डब्यांनीच अर्धी भरली असती एवढी. पण तिथे आडनावाची अडचण नव्हती, आमच्यासारखीच माणसं होती सगळी. मी एका शब्दात हो म्हटलं. हे मात्र निघताना पागेच्या दारात रेंगाळले. दार चांगलं उंच होतं, घोड्यावर बसलेला माणूस न वाकता आत यावा असं. त्यांनी वर बघितलं आणि मला म्हणाले, "सांगून तरी जायला पाहिजे होतं, नाही का गं?" मला हसू आलं. म्हटलं, चला आता, लोकल चुकेल.

पिंपरीला गेल्यावर लगेच थर्डचा आठवडा लागला. पहिल्या दुपारी हे झोपले, ते सरळ संध्याकाळी उठले. दुसऱ्या दुपारीही तसंच. पत्रे तापलेले, शेजारी भांडण, बाहेर टेम्पोंचे हॉर्न, आणि माझा नवरा लहान मुलासारखा झोपलेला. आत्याबाईंनी त्या दिवशी गोड शिरा केला. मी तर मोरीत तोंड धुताना रडून घेतलं, इतकं हलकं वाटलं मला.

पुढच्या दुपारी मी तळेगावला गेले. पाटा-वरवंटा तिकडेच राहिला होता आणि खोलीची किल्ली मालकाच्या माणसाला द्यायची होती. किल्ली दिली, पाटा मथुरामावशींकडेच ठेवला, वरवंटा तेवढा पिशवीत घालून स्टेशनवर आले. तेव्हा तळेगाव स्टेशनबाहेर टांगे असायचे. एक टांगा दांड्या टेकवून उभा होता आणि त्याचा म्हातारा टांगेवाला घोड्याला अड्ड्यावर गोल गोल चालवत होता. मी पुढे निघाले होते... आणि पाय जागचे हलेनात. तो घोड्याच्या डाव्या अंगाने चालत होता. एक हात हनुवटीखाली, मान जरा वर उचललेली. कोपऱ्यावर जाऊन क्षणभर थांबायचा, वळायचा, पुढे. घोडा घामाने निथळत होता. आणि म्हातारा टाळूवर जीभ मारत होता. चक् चक्.

मी जवळ गेले. "बाबा, हे... असं का चालवताय त्याला?"

तो थांबला नाही. चालता चालताच बोलला. "पोटशूळ हाय बाई. सकाळधरनं. बसाया बघतोय सारखा."

"मग बसू दे की. दमलाय तो."

"न्हाई, न्हाई! बसला, लोळला, की आतडं पिळतं. मग न्हाई उठत. चालतं ठिवायचं, झोपू द्यायचं न्हाई."

"आणि चालवल्यावर बरा होतो?"

"कदी हुतो. कदी न्हाई हुत." त्याने घोड्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरलेले होते. "पर आपल्या हातात दुसरं काय हाय, सांगा. चल राजा... चल."

मग त्याने खाली वाकून मूठभर गवत उचललं आणि घोड्याची पाठ पुसायला लागला. खसाखसा. गवताचा चुरा उडत होता. ओवा, सोडा, डब्ब झालेलं पोट, ज्या दुपारी ते पोटावर हात ठेवून आडवे व्हायचे त्याच दुपारी चालायचे, हे सगळं तिथे उन्हात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकदम आलं. वरवंट्याची पिशवी मी तिथेच टाकली.

लोकल यायला अवकाश होता. प्लॅटफॉर्मवर मी येरझाऱ्या घातल्या. देहूरोडला गाडी उगाचच उभी राहिली. माझ्यासमोर एक बाई शेंगा सोलून मुलाला भरवत होती, तिने मलाही दिल्या, आणि मी त्या मुठीत तशाच धरून पिंपरीपर्यंत आले. कोणाला काय सांगणार होते मी? माझा नवरा शांत झोपलाय, त्याला कोणीतरी उठवा?

आत्याबाई दारातच बसल्या होत्या. तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू. मगाशी जरा प्वाट धरून वळवळ करीत हुता. आता कसा निवांत झोपलाय बग. उठवू नगंस."

मी आत गेले आणि त्यांना गदागदा हलवलं. त्यांनी डोळे उघडले. चेहरा पांढरा पडला होता, कपाळ थंडगार, पण हसले माझ्याकडे बघून. म्हणाले, "आलीस? फार दुखत होतं गं. आत्ता थांबलं बघ एकदम." मी पोटाला हात लावला. पाटासारखं कडक होतं.

मी त्यांना उभं केलं. आत्याबाई ओरडत होत्या, सून येडी झाली का म्हणून. मी त्यांची हनुवटी धरून त्या एवढ्याशा खोलीत त्यांना चालवायला बघितलं. दोन पावलं टाकली त्यांनी माझ्यासाठी. मग गुडघ्यातून खाली बसले.

चाळीतल्या माणसांनी टेम्पोत घालून पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आतड्याला पीळ पडला होता, आत सडायला सुरुवात झाली होती. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, असे थोडे थोडे पीळ पूर्वीही पडून सुटले असतील, तेव्हा दुखलं असणार. आणि दुखायचं थांबलं ना, ते बरं वाटून नव्हे, तेव्हाच उशीर झाला होता. ऑपरेशनला नेण्याआधी मी त्यांच्या उशाशी होते. ग्लानीत होते, पण माझा हात धरलेला होता. मधेच डोळे उघडून म्हणाले, "सुमन, आपण त्याला पत्ता दिला नाही."

"कोणाला?"

"तो येऊन बघंल दुपारी... खाट नाही, काही नाही." आणि थोड्या वेळाने, "शोधत बसंल बिचारा."

ऑपरेशननंतर दोन दिवस काढले त्यांनी. शुद्धीवर आले नाहीत.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, त्यांना चालवत ठेवलं असतं तर वाचले असते का? त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. म्हणाले, बाई, चालल्याने आतड्याचा पीळ सुटत नाही. माणसाचाही नाही आणि बहुतेक घोड्याचाही नाही. त्यांचं बरोबर असेल. मग पागेत वर्षभर जे सुटत होते ते आपोआप सुटत होते का? की त्या जागेनेच हे दुखणं लावलं होतं, जसं मथुरामावशी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या? कंपनीतले लोक म्हणाले, झोपेत चालायची सवय होती, पोटाचा आजार वेगळा, तुम्ही उगाच दोन्हीची गाठ घालता. लेक मोठा झाल्यावर त्यानेही तेच सांगितलं, इंटरनेटवरून वाचून दाखवलं. मी ऐकून घेते. पण त्यांच्या पाठीवरचा गवताचा चुरा मी माझ्या हाताने झटकला होता, त्याचं काय करू?

बऱ्याच दिवसांनी पाटा आणायला पागेत गेले तेव्हा मथुरामावशींनी एक गोष्ट सांगितली. सांगू का नको असं करत होत्या. म्हणाल्या, मी किल्ली देऊन गेले त्याच दुपारी पागेत तो आवाज आला. चक् चक्. पण एका जागी नाही, सगळ्या खणांपुढून. प्रत्येक दारापाशी थांबायचा आणि पुढे जायचा. "तुमच्या खोलीपाशी लई येळ थांबला गं. मी दार लावून घ्येतलं. माझ्यानं ऐकवना." त्यानंतर तो आवाज पागेत कोणालाच आला नाही. आमच्या खोलीत पुढे दुसरी माणसं राहिली, दुपारची झोपली, त्यांना कोणी उठवलं नाही.

मी तेव्हा अंगणात जाऊन उभी राहिले. ऊन होतं, डोणीत पाणी होतं, कोणाचे तरी कपडे वाळत होते. ज्याला मी लाटण्याने मारायला निघाले होते त्याला सांगावं म्हटलं, ते गेले, तू आता थांब. पण सांगायचं कुठे बघून, तेच कळेना. पाटा डोक्यावर घेतला आणि परत आले.

याचा अर्थ काय, मला आजही माहीत नाही. मी अजूनही कुठे नारळ फोडत नाही, कोणाला उतारा सांगत नाही. फक्त घरात कोणी दुपारी पोट धरून आडवं झालं — लेक असो, नातू असो — की मला बसवत नाही. मी त्यांना उठवते. ते वैतागतात, नातू म्हणतो, "आजी, प्लीज, झोपू दे ना, ॲसिडिटी आहे साधी." डॉक्टरला फोन लावायला सांगते, आणि तो लागेपर्यंत त्याला हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये चालवत राहते, डाव्या बाजूने, हनुवटीखाली हात धरून. परवा सूनबाईने विचारलं, आई, तुम्ही हे तोंडाने काय करता? मी म्हटलं, काय करते? ती म्हणाली, हे असं... चक् चक्.

मला ठाऊकच नव्हतं. मी नातवाला चालवत राहिले. दुसरं काय येतं मला?